होडीची कळा राखताना

भाचेबुवा, तारकर्लीला पर्यटक फिरवायला जुनी फायबरची होडी घेतलीस, चांगलं केलंस. फोटो बघितला. एकेकाळी ती निळी होती म्हणतात. आता निळी की राखाडी हे ठरवायला पंच नेमावे लागतील. विकणाऱ्याने "एक पॉलिश मारा, नव्यासारखी होईल" असं सांगितलं असणारच. ते खोटं नाही. फक्त हे वाक्य एका होडीच्या जन्मात किती वेळा खरं ठरतं, ते कुणी विकणारा सांगत नाही.

होडीच्या अंगावर जो दिसतो तो रंग नव्हे, जेलकोट. होडी साच्यात घडवताना पहिला थर त्याचाच मारतात आणि मग त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन चढतं. या जेलकोटची जाडी असते साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण त्याचं वरचं रेझिन तोडतात, रंगाचे कण मोकळे होतात आणि हाताला भुकटी लागायला लागते. पॉलिश करताना आपण वर काही चढवत नाही. मेलेला पापुद्रा काढतो आणि खालचा धड भाग उघडा करतो. चढतं ते फक्त शेवटचं वॅक्स. म्हणून माझं म्हणणं एवढंच: धुऊन भागलं तर घासू नये, घासून भागलं तर कापू नये. बाकी सगळा त्याचाच फापटपसारा आहे, पटेल तेवढा घे.

१. आधी कामाचं पंचांग मांड. प्रवासी वाहतूक मेअखेरीस थांबते, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद – म्हणजे होडी वर येते आणि मागोमाग पाऊस येतो, तेव्हा घासकाम मेच्या कोरड्या दिवसांत उरकायचं किंवा छपराखाली करायचं, आणि राहिलेलं ऑगस्टच्या उघडिपीवर ढकलायचं.

२. होडी ओढायला माणसं बोलावशील त्याच दिवशी तळ खरवडायलाही त्यांना थांबव, चहा-भजी तुझ्याकडून – तळाला चिकटलेले कवचाचे जीव, म्हणजे बार्नेकल, ओले असतात तोवर निघतात. सुकले की दुप्पट जोर लागतो आणि त्या जोराचे चरे जेलकोटवर उमटतात.

३. खरवडायला प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी घे, कोपरे घासून गोल केलेली. कोयत्याची पाठ नको – कोयत्याला पाठ आणि धार यांतला फरक कळतो, दमलेल्या हाताला कळत नाही.

४. होडी वाळूवर नुसती कलती टाकू नकोस. दोन्ही बाजूंना ओंडक्यांचे पक्के टेकू दे आणि मगच तिच्याखाली हात घाल – पाण्याने वाळू खचते, आणि होडी कुणाला विचारून कलंडत नाही.

५. पहिलं पाणी गोडं, भरपूर, वरून खाली, आणि तेव्हा फडक्याला हात लावायचा नाही – सुकलेलं मीठ आणि वाळू अंगावर असताना पुसलंस तर तू पुसत नाहीस, घासतोयस.

६. साबण मात्र खालून वर लाव आणि धुताना पुन्हा वरून खाली ये – वरून साबण लावला की त्याचे ओघळ कोरड्या मळावरून उतरतात आणि पट्टे राहून जातात.

७. साबण सौम्य हवा, गाडी धुवायचा शाम्पू उत्तम. कपड्यांची पावडर नको – ती मळाबरोबर जुनं वॅक्सही घेऊन जाते.

८. बादल्या दोन ठेव, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची – एकाच बादलीत भागवलंस तर तासाभराने तू वाळूच्या पाण्याने होडी धूत असतोस.

९. फडकं वाळूत पडलं की ते त्या दिवसापुरतं निवृत्त. झटकून पुन्हा वापरायचा मोह होईल – पण आपल्या किनाऱ्यावरची बारीक वाळू झटकून जात नाही, धाग्यात बसते आणि पुढच्या हातात गोल-गोल रेघा काढते.

१०. भांड्यांची तारेची घासणी घरीच राहू दे – तिचे तुकडे बारीक खाचांत अडकतात आणि पहिल्या सरीनंतर होडीला गंजाची देवी आल्यासारखे ठिपके उठतात.

आता धुऊनही जे उरलं ते डाग. डागांना रामबाण एक औषध नसतं. दुकानदार एकच बाटली पुढे करील, ती घेण्याआधी डाग कशाचा ते ओळख.

११. पाण्याच्या रेषेला नाळेपासून मागपर्यंत जो तपकिरी-पिवळा पट्टा दिसतो, तो खाडीचा. कर्ली नदीच्या मुखाशी होडी नांगरून ठेवलीस की खारफुटीच्या कुजल्या पाल्यातलं टॅनिन चढतंच. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं हलकं द्रावण लाव, दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू दे आणि सपाटून पाण्याने धू – ते डाग विरघळवतं, घासत नाही, त्यामुळे जेलकोटचा एक कणही खर्च होत नाही. लोक हाच पट्टा मशीनने काढतात, बघवत नाही.

१२. ते अ‍ॅसिड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा, आणि डब्यावर ठळक अक्षरांत नाव – ते विषारी आहे, आणि पांढरी पावडर डब्यात ठेवली की तिला साखर समजणारं कुणीतरी घरात असतंच.

१३. अ‍ॅसिड आणि ब्लीच एका दिवशी एका बादलीत कधीही नाही – क्लोरीन वायू सुटतो, आणि तो समुद्राच्या वाऱ्यावरही छातीला लागतो.

१४. "संडासाचं अ‍ॅसिड मार, दोन मिनिटांत जातं," असं सांगणारा जेटीवर भेटेलच. त्याला नमस्कार कर आणि पुढे हो – डाग जातो खरा, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल जाताजाता रेलिंग, बोल्ट आणि इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम खाऊन जातं.

१५. बार्नेकल निघाल्यावर त्याच्या बुडाची पांढरी गोल चकती राहते. तिच्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं चिकटवून ठेव आणि तू जेवून ये – ती चुनखडीच आहे, मऊ पडते आणि मग प्लास्टिकच्या पट्टीने सुटते.

१६. गंजाचा ओघळ पुसायच्या आधी तो कुठून येतो ते बघ. वर एखादा साधा लोखंडी बोल्ट सापडेल. तो बदलून ३१६ स्टेनलेसचा घाल, भोवती सीलंट भर – नाहीतर तू दर महिन्याला पुसशील आणि तो दर महिन्याला ओघळेल, दोघांचाही नेम चुकणार नाही.

१७. जेटीवरच्या टायरचे काळे फराटे टर्पेंटाइनच्या फडक्याने हलकेच पुस आणि लगेच साबणाने धू. तुझ्या स्वतःच्या होडीला बांधलेल्या टायरला मात्र जाड कॅनव्हास गुंडाळ – रबराचा डाग पुसण्यापेक्षा तो लागू न देणं स्वस्त.

१८. पक्ष्यांची शीट सुकली असेल तर भिजवून फुगू दे, मग उचल – तिच्यात माशांचे काटे आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बगळ्याचं जेवण तुझ्या होडीवर घासायचं नसतं.

इथवर आलास की होडी स्वच्छ पण निस्तेज दिसेल. आता हात शिवशिवतील. अर्धा दिवस थांब आणि होडी नीट बघ. घासायच्या आधीचं बघणं आळशीपणा वाटतं, पण तेच खरं काम.

१९. काळं सुती फडकं घे आणि कोरड्या होडीवर एकदा दाबून फिरव. फडक्यावर निळसर-पांढरी भुकटी आली तर वरचा थर मेलाय, घासून फायदा आहे. फडकं स्वच्छ राहिलं तर होडी फक्त फिकी आहे – मग नुसत्या पॉलिशने आणि वॅक्सने काम होईल, कंपाउंडचा, म्हणजे खरखरीत घासलेपाचा, डबा उघडूच नकोस.

२०. ओल्या होडीवर भाळू नकोस – पाणी लागलं की कुठलीही होडी तरुण दिसते. निकाल सुकल्यावर लावायचा.

२१. कुठे काचेच्या धाग्यांची जाळी दिसायला लागली असेल, तर तिथे घासणं बंद – तिथला जेलकोट संपला, आता रंगच देणं आलं.

२२. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आसपास ठोकून ऐक. धड जागी आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेल्या जागी बद्द – तड्यांचं कारण बहुतेकदा आत असतं, एखादी जागा लवते म्हणून वरचा थर फुटतो, आणि वरून कितीही चमकवलंस तरी ती लवायची थांबत नाही.

२३. तळाला पाण्याच्या रेषेखाली फोड आले असतील आणि एखादा फुटल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला, तर पॉलिशचा बेत रद्द करून जाणता कारागीर बोलाव – पाणी जेलकोटमधून झिरपून आत साचलंय, अशी होडी आठवडेच्या आठवडे सुकवावी लागते, आणि ते पावसाळ्यात होत नाही. फोड स्वतः फोडणार असशील तर चष्मा लाव. आतलं पाणी दाबाखाली असतं, डोळ्यात उडतं.

२४. मागच्या फळीवर, इंजिनाशेजारी, पंजाएवढी जागा निवड आणि तिथे सगळ्यात सौम्य पॉलिश हाताने करून बघ. भागलं नाही तर त्यापुढचं – हा अर्ध्या तासाचा प्रयोग तुला कितीतरी जेलकोट वाचवून देतो, आणि फसला तरी गिऱ्हाईक नाळ बघतं, मागची फळी नाही.

मशीनचं काम. इथे जरा रेंगाळतो, कारण होड्या बिघडतात त्या इथेच.

२५. वेळ सकाळची. दव सुकलं की सुरू, आणि हाताची मागची बाजू होडीला टेकवून ठेवता येणार नाही इतकी ती तापली की बंद – तापल्या अंगावर कंपाउंड लगेच सुकतं, मग कापण्याऐवजी ओरखडतं.

२६. मतलई वारा असतो तोवर वॅक्स उरक. अकराच्या पुढे खारा वारा सुटला की ते काम दुसऱ्या दिवसावर टाक – तो वारा मीठ आणि वाळू घेऊन येतो आणि तू ते दोन्ही वॅक्सखाली कायमचं बंद करतोस.

२७. होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी मास्किंग टेपने झाक – मशीनला अक्षरओळख नसते, आणि पुसट नंबराची होडी गस्तीवाले आणि सर्व्हेअर दोघांच्याही डोळ्यात भरते.

२८. टेप त्याच दिवशी काढ – मेच्या उन्हात रात्र-दोन रात्री राहिली की तिचा गोंद भाजून बसतो आणि डागांच्या यादीत एकाची भर पडते.

२९. ग्राइंडरला बफ लावून काम करू नकोस, कुणी फुकट दिला तरी. पॉलिशरच घे, वेग कमी-जास्त करता येणारा – ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतो, जेलकोटला हजार ते अठराशे फेरे पुरतात. बाकीच्या फेऱ्यांनी फक्त जळतं. घाईचा हात, कळेचा घात.

३०. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून जास्त नाही – मोठा तुकडा घेतलास की एका टोकाचं कंपाउंड सुकतं तेव्हा तू दुसऱ्या टोकाला असतोस.

३१. कंपाउंड आधी बंद मशीनच्या पॅडने थापून पसरव, मग बटण दाब, तेही सर्वात कमी वेगावर – नाहीतर पहिला थर तुझ्या शर्टावर बसतो.

३२. मशीनचं वजन पुरे, वर आपलं घालू नकोस, आणि पॅड एका जागी क्षणभरही थांबवू नकोस – थांबलं तिथे उष्णता साचते, जेलकोट पिवळा पडतो, आणि तो डाग वरचा नसतो, आतला असतो.

३३. कडा, नाळेची धार, कोपरे यांवर टेप लावून ठेव आणि शेवटी ते हाताने कर – साच्यातून निघताना कडेला जेलकोट आधीच पातळ असतो, मशीनला तिथे दोन सेकंद पुरतात.

३४. पॅड दर थोड्या वेळाने ब्रशने झाड – सुकलेल्या कंपाउंडच्या गुठळ्या जुन्या रेघा काढायच्या सोडून नव्या पाडतात.

३५. वायर खांद्यावरून पाठीमागे टाक, आणि एक्स्टेन्शन बोर्डाला गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी असल्याशिवाय ओल्या वाळूवर उभं राहून मशीन चालवू नकोस – या एका मुद्द्यावर मी थट्टा करत नाही.

३६. मशीन मिळालं नाही तर हाताने कर, लाज वाटू देऊ नकोस. वीस फुटी होडी दोन माणसं दोन-तीन सकाळी हाताने काढू शकतात – हात दुखतो म्हणून तो थांबतो, त्यामुळे हाताने जेलकोट जाळलेला माणूस सापडणार नाही.

कंपाउंडनेही भागलं नाही तरच वॉटर पेपर. हे कापणं झालं. एका होडीच्या आयुष्यात हे मोजक्याच वेळा परवडतं.

३७. आधी १००० नंबरने करून बघ, नाहीच जमलं तर ८००ला उतर. ६००च्या खाली जायची वेळ आली तर ते पॉलिशचं काम राहिलं नाही – ते रंगाआधीची तयारी म्हणायचं.

३८. ८००नंतर १०००, मग १५००, मग कंपाउंड. मधली पायरी गाळू नकोस – आधीच्या पेपरच्या रेघा पुढचा पेपरच काढतो, कंपाउंड काढत नाही. त्या उन्हात तिरक्या नजरेने आयुष्यभर दिसत राहतात.

३९. कामाच्या जागेवर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघोट्या मार, मग घास. सगळ्या रेघा गेल्या की थांब – डोळ्यांना वाटतं अजून हवंय, पेन्सिल सांगते पुरे.

४०. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळ आणि दर पेपरला घासायची दिशा बदल – नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या सऱ्या पडतात. दिशा बदलली की मागचं काय उरलं ते दिसतं.

४१. पाण्यात साबणाचा एक थेंब टाक – पेपर भरत नाही आणि सरकतो.

टवके आणि चरे भरायचं काम तू शिकशीलच, त्यावर फार लिहीत नाही. पण तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

४२. रेझिनच्या दुकानात तुला तीन बाटल्या मिळतील: रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नकोस, दोघांसाठी भांडी आणि चमचेही वेगळे ठेव – ते दोघं सरळ भेटले तर आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर, तोही शेकडा एक-दोन. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा नसेल तर बाटलीचं बूचही उघडायचं नाही.

४३. भरलेल्या टवक्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवून हवा बंद कर – जेलकोटला हवा लागली की त्याचा वरचा पापुद्रा चिकट राहतो, आणि मग तो बोटाला सुकला की नाही हे प्रत्येक येणारा-जाणारा तपासून जातो.

४४. रंग जुळवायचा तो घासून झालेल्या जागेशी जुळव, न घासलेल्या जागेशी नाही – फिक्या रंगाशी जुळवलेलं ठिगळ होडी चमकल्यावर उपरं दिसतं. आधी घासणं, मग भरणं.

४५. घासून-भरून झालं की वॅक्स, तेही त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी – उघडा जेलकोट उन्हात ठेवलास की मेहनतीची उतरण त्याच दिवशी सुरू.

४६. थर पातळ, दोन वेळा. एकच जाड थापू नकोस – जाड थर नीट सुकत नाही, पुसताना लडबडतो, आणि खाली पडलेल्या वॅक्सचा उपयोग फक्त वाळूला.

४७. होडी धुतल्यावर पाणी अंगावर मण्यांसारखं गोळा होतं तोवर वॅक्स जिवंत आहे. पाणी पसरायला लागलं की पुन्हा लाव, हंगामात दोन-तीन महिन्यांनी – तारखेपेक्षा पाण्याचं ऐक.

४८. वॅक्स फक्त बाहेरच्या अंगाला. डेकला, पायऱ्यांना, जिथे पर्यटक पाय देतील तिथे बोटभरही नाही – गिऱ्हाईक होडीवरून घसरलं की त्याला तिची कळा आठवत नाही, तुझं नाव आठवतं.

४९. पाण्याखालच्या भागाला वॅक्स नाही, तिथे बार्नेकल धरू न देणारा अँटीफाउलिंग रंग. तो चढवायच्या आधी तिथलं जुनं वॅक्स सॉल्व्हंटने पुसून मगच पेपर मार – आधी पेपर मारलास तर वॅक्स खाचांत घुसतं आणि रंग पहिल्याच हंगामात पोपडे धरतो.

५०. जुना अँटीफाउलिंग कोरडा घासायचा नाही. ओला घास, मास्क लाव, आणि निघालेला चिखल गोळा कर, भरतीच्या रेषेत सोडू नकोस – त्यात तांबं असतं, जीव मारायलाच घातलेलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आपल्या दारात आहे. तिथली प्रवाळं बघायलाच तर लोक तुझ्या होडीत बसणार. कथिलाची संयुगं घातलेले जुने रंग तर शिंपल्या-गोगलगायींची वाढ बिघडवतात म्हणून २००१च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाले, आणि तो करार २००८ला लागू झाला. कुणी जुना डबा स्वस्तात देत असेल तर नको म्हण.

५१. इंजिनाजवळचा जस्ताचा तुकडा, ज्याला झिंक म्हणतात, तो चुकूनही रंगवू नकोस – इतर धातूंच्या ऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम, रंग मारलास तर तो कामावरून निघतो.

५२. रंगच द्यायची वेळ आली तर फिका रंग निवड – गडद निळा आणि लाल सुंदर दिसतो, पण उन्हात तापतोही जास्त आणि त्यावर भुकटी लवकर दिसते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग ब्रश-रोलरनेच लाव, फवारा नको – त्याचा तुषार छातीसाठी घातक, साध्या मास्कने अडत नाही.

तुझ्या आजोळच्या लाकडी होडीला यातलं काही लावू नकोस, तिचा धर्म वेगळा.

५३. लाकडी होडी मेच्या उन्हात उघडी ठेवू नकोस, झावळ्यांनी शाकार – फळ्या आकसतात, फटी वाढतात. आणि सुक्या फळ्यांच्या फटी गच्च ठासू नकोस. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. पहिले एक-दोन दिवस थोडं पाणी आत येईल, ते उपसायचं, घाबरायचं नाही.

५४. काजूच्या टरफलांचं तेल लावायचं झालं तर कोपरापर्यंत हातमोजे घाल – लाकडातली कीड त्या तेलाने दूर राहते, पण तेच तेल कातडी भाजून काढतं.

आता पावसाळ्याची तजवीज आणि हंगामातल्या सवयी. खरं तर हे तू आधी वाचायला हवं होतंस, पण मशीनची गोष्ट पुढे ठेवली नसती तर तू वाचलंच नसतंस.

५५. ताडपत्री होडीला घट्ट आवळू नकोस. बांबूची चौकट करून तिच्यावर टाक, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी – अंगाला लागलेली ताडपत्री वाऱ्यात फडफडत चार महिने होडी घासते, तेही तुझ्या परवानगीशिवाय, आणि खाली कोंडलेली ओल बुरशी धरते.

५६. बांधायच्या दोऱ्या जिथे कडेवरून जातात तिथे जुना पाइप चिरून अडकव – श्रावणातला वारा दोरीची करवत करतो.

५७. तळातलं बूच काढून ठेव, आणि ते कुठे ठेवलं ते सुकाणूला चिठ्ठी बांधून लिही – साचलेलं पाणी निघून जातं, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी लोटायच्या दिवशी सगळं गाव बूच शोधत बसत नाही.

५८. हंगामात शेवटची फेरी झाली की, दमलास तरी, दोन बादल्या गोडं पाणी नाळेपासून मागपर्यंत ओत आणि पाण्याच्या रेषेवरून मऊ फडकं फिरव. एवढ्या यादीतलं हे एकच केलंस तरी बाकीचं निम्मं करावं लागणार नाही – मीठ सुकलं की ओल धरून ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी फडकं मारलं की घासपावडरीचं काम करतं.

५९. सकाळी गिऱ्हाईक नसेल तर होडी माडाच्या सावलीत उभी कर, नारळ उतरवलेल्या माडाखाली – सावली फुकट आहे, पण नारळ पडला तर तो फुकट पडत नाही.

६०. आतल्या लॉकरच्या झाकणाखाली मार्करने लिहून ठेव: कोणत्या साली कंपाउंड केलं, कुठे वॉटर पेपर मारला, कोणता नंबर – दोन वर्षांनी तुला आठवणार नाही, आणि मशीन चालवायला बोलावलेल्या माणसाला तर ते कळायचा दुसरा मार्गच नाही.

६१. उरलेल्या हार्डनरची बाटली होडीत ठेवू नकोस, घरी सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, आणि कंपाउंडचा डबा झाकण लावून उलटा करून बघ, गळत नाही ना ते. मेमध्ये माझ्याकडे ये तेव्हा माझं पॉलिशर घेऊन जा. पॅड मात्र तुझे तू आण, माझ्या पॅडवर तुझ्या होडीचा निळा रंग मला नको.